भाऊजींचा जबाब

माझं इंग्रजी चांगलं आहे असं कुणी म्हटलं, की माझं डोकं फिरतं. सगळी नोकरी मसुदे लिहिण्यात गेली. ऑफिसात नवीन लागलेली पोरं कागद घेऊन माझ्या टेबलाशी यायची आणि विचारायची, सर, इथं शुड हॅव लावू की मस्ट हॅव? मी चष्मा वर करून दोन मिनिटांत सांगून टाकायचो. पोरं खूश होऊन जायची आणि पाठीमागे मला इंग्रजीचा वाघ म्हणायची. वाघ कसला! मी शेळी होतो. ज्या दिवशी शेळी झालो, त्याच दिवशी ऑफिसात माझ्या इंग्रजीचं पहिल्यांदा कौतुक झालं. इतकी वर्षं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, आता सांगतो.

आम्ही भंडाऱ्याकडचे. आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेला मी पहिला, आणि त्या मॅट्रिकचं करायचं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माय लहानपणीच गेली होती. मला वाढवलं ते मोठ्या बहिणीनं. तिला मी बाई म्हणतो. लग्न होऊन ती भाऊजींबरोबर भिलाईला गेली आणि वर्षभरात भाऊजींचा निरोप आला, पोराला पाठवून द्या, इथं कागद लिहिणारी माणसं लागून राहिली आहेत.

भिलाईत तेव्हा कारखाना नव्हता, कारखान्याचा खड्डा होता. कोसभर लाल मुरूम उकरून ठेवलेला आणि त्यात लोखंडाचे खांब उभे राहत होते. ती लाल धूळ भातात असायची, कानात असायची, अंथरुणात असायची. सुपेला गावाच्या अलीकडे ठेकेदार कंपन्यांनी मजुरांसाठी झोपड्यांच्या रांगा टाकल्या होत्या. चटईच्या भिंती, वर पत्रा. पंजाबी, तेलुगू, बिहारी, छत्तीसगढी आणि आम्ही नागपूर-भंडाऱ्याचे, सगळे एकाच नळावर भांडायचे. रशियन साहेब लांबून दिसायचे, डोक्याला रुमाल बांधलेले, उन्हानं टोमॅटोसारखे लाल झालेले. बोलणं सगळं मोडक्यातोडक्या हिंदीत चालायचं, पण कागद मात्र इंग्रजीत.

भाऊजी खलासी होते. उंचावर चढून दोर आणि कप्पीच्या मदतीनं खांबांवर तुळया बसवणारा तो खलासी. अंगानं काटक, बोलणं कमी, आणि चढले की खाली उभा माणूस मान वर करून पाहतच राहायचा. त्यांनी मुकादमाला माझ्यासाठी गळ घातली, मुकादमानं ऑफिसातल्या बडेबाबूंना. मला घेऊन ते ऑफिसच्या दारात गेले तेव्हा त्यांनी स्वतःची चप्पल बाहेर काढली आणि मलाही काढायला लावली. बडेबाबू आतून ओरडले, "अरे, ऑफिस आहे हे, देऊळ नाही! या आत." मला नोकरी लागली ती अशी, भाऊजींच्या शब्दावर.

बडेबाबू नागपूरचे, ब्राह्मण, पन्नाशीचे. इंग्रजांच्या काळात रेल्वेत होते. पाच वाजता ऑफिस सुटलं की अर्धा तास ते मला इंग्रजी शिकवायचे, जुन्या नकाशांच्या पाठकोऱ्या बाजूवर. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. त्यांनी मला जे दिलं ते दुसऱ्या कुणी दिलं नसतं. आणि माझा चहाचा कप शेवटपर्यंत खिडकीत वेगळा राहिला. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींचा मेळ मला आजही घालता येत नाही.

साहेब लोक बोलताना हॅव गिळून टाकायचे. माझ्या कानावर नुसतं शुडव्, मस्टव् असं काहीतरी पडायचं. मी ऐकून लिहायचो, आणि हॅवच्या जागी ऑफ लिहून बसायचो. बडेबाबूंनी लाल पेन्सिलीनं माझा कागद रक्तबंबाळ केला.

"ऑफ नाही रे गाढवा, हॅव! हे नीट समजून घे. ऑफिसातलं अर्धं इंग्रजी यातच आहे," ते म्हणाले. "हॅव लागलं म्हणजे गोष्ट होऊन गेली. ती काही आता बदलत नाही. पण तिचं ओझं कुणाच्या डोक्यावर द्यायचं, ते पुढच्या शब्दानं ठरतं. मस्ट हॅव म्हणजे पाहिलं नाही, पण खात्री आहे. माइट हॅव म्हणजे असेल बुवा, नसेल बुवा. कुड हॅव म्हणजे जमत होतं, केलं नाही. आणि शुड हॅव म्हणजे करायला हवं होतं, केलं नाहीस, आता भोग."

त्यानंतर मला ते चहूकडे ऐकू यायला लागलं. रात्रीतून सिमेंट भिजलं, की समबडी शुड हॅव कव्हर्ड इट. तो समबडी कोण, हे कधी कळायचं नाही, पण सकाळी एका मजुराचं काम जायचं. ट्रक आला नाही, की ड्रायव्हर मस्ट हॅव स्टॉप्ड अ‍ॅट दुर्ग. मद्रासचे एक म्हातारे साहेब होते. त्यांच्यासाठी चहा नेला की ते न चुकता यू नीडन्ट हॅव, म्हणजे आणायची काही गरज नव्हती, असं म्हणायचे आणि तेवढ्याच न चुकता चहा पिऊन टाकायचे. मला हसू यायचं. एक गोष्ट मात्र मी महिन्याभरात टिपली. शुड हॅव नेहमी वरून खाली यायचं. साहेबाकडून फोरमनवर, फोरमनकडून मुकादमावर, मुकादमाकडून मजुरावर. खालच्या माणसानं वरच्या माणसाला यू शुड हॅव म्हटलेलं मी उभ्या नोकरीत ऐकलं नाही. मीही कधी म्हटलं नाही.

पण मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. झोपडीत बसून मी ती वाक्यं मोठ्यानं म्हणायचो. बाई चुलीपाशी बसून ऐकायची आणि भाऊजींना सांगायची, "पाहा, कसा साहेबावानी बोलून राहिला!" भाऊजी नुसते माझ्याकडे पाहून मान डोलवायचे, आणि मला दोन हात उंच झाल्यासारखं वाटायचं.

पहिली भट्टी पेटायच्या आधीचा उन्हाळा. दुपारी एकाएकी सोसाट्याचं वावधन सुटलं, धुळीनं सूर्य दिसेनासा झाला. मुकादमानं काम थांबवायची खूण केली. पण आमच्या ठेकेदाराचा इंजिनियर साहेब, पंचविशीतला, त्याला संध्याकाळच्या आत ती एक तुळई वर बसलेली हवी होती. दुसऱ्या दिवशी वरचे साहेब पाहणीला येणार होते. भाऊजी खालून म्हणाले, "साहब, हवा बहुत है." साहेबानं हात वर करून "चढ़ो, चढ़ो" केलं. दहा माणसांनी ते पाहिलं. भाऊजी चढले. तुळई वाऱ्यानं फिरली आणि त्यांचा उजवा पाय तुळई आणि खांबाच्या मध्ये सापडला. इस्पितळात गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

बाई रडली नाही. पाय काढला त्या दिवशी ती इस्पितळाच्या पायरीवर बसून राहिली, दोन्ही पोरी मांडीवर घेऊन. मला म्हणाली, "जीव वाचला ना. बस झालं." मला मात्र रडू आवरत नव्हतं.

त्या कंपनीची एक रीत होती. कामावर माणूस अधू झाला आणि चूक त्याची नसली, तर त्याला बसल्या जागेचं काम द्यायचे, हत्यारांच्या कोठीवर नाही तर फाटकावर. चूक त्याची निघाली, तर घरी. म्हणजे सगळं चौकशीवर होतं. भाऊजींना कोठीवर जागा मिळाली, तर झोपडी राहणार होती, पोरी शाळेत जाणार होत्या. नाही मिळाली, तर गाव. आणि गावात काय होतं आमचं? जमीन नाही. नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्यावर आमच्या लोकांनी गावकीची कामं सोडली, म्हणून गावानं तोंड फिरवलं होतं. तिथं एका पायाचा माणूस परत जाऊन कुणाच्या दारात उभा राहणार? भाऊजींना पाय गेल्याचं जेवढं दुःख नव्हतं, तेवढी या परत जाण्याची धास्ती होती.

चौकशीला कंपनीचे एक अधिकारी आले. दक्षिणेकडचे होते, हिंदीही जेमतेम. जबाब मराठीतून ऐकून इंग्रजीत सांगणारा आणि लिहून घेणारा माणूस त्यांना हवा होता. बडेबाबूंनी माझं नाव दिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तो तुझा कोण लागतो हे कुणाला सांगू नकोस, उठवतील तुला. तू लिहायला बसलास तर तुमचं भलंच आहे."

मी घरी सांगितलं तेव्हा दिवाळी झाली. बाईनं अंड्यांचा रस्सा केला, शेजारणीला वाटीभर नेऊन दिला. "आपलाच मानूस लिहनार हाये," ती तिला सांगत होती. "आता कायची चिंता?" भाऊजी खाटेवर बसून होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "बाबू, मले जसं येईन तसं मी बोलीन. तू नीट मांडजो." मी म्हणालो, "तुमी काई चिंता करू नका, भाऊजी." आणि मी कोपऱ्यात बसून अवघड अवघड वाक्यं जुळवत राहिलो. त्याऐवजी मी त्यांच्याशी दोन शब्द बोललो असतो, त्यांनी सुरुवात कशी करायची एवढंच ठरवलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं. पण मला माझ्या वाक्यांची पडली होती.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्या गावी पंचांपुढे, पाटलापुढे, कुठल्याही मोठ्या माणसापुढे बोलायला उभा राहिलेला माणूस आधी चूक आपल्या अंगावर घेतो. "माही काई चुकी झाली असन, माफी असावी," असं म्हणतो आणि थांबतो. मग पंचांतला कुणी म्हणतो, "नाई रे, बोल तू." मग तो आपली बाजू सांगतो, भांडतोसुद्धा. ते पहिलं वाक्य म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आमच्या माणसांना तर हे पंचांच्या ओट्याच्या खाली उभं राहून म्हणावं लागायचं, त्यामुळे आमच्या जिभेला ते जास्तच चिकटलेलं. दीक्षा घेतल्यावर आम्ही घरातले देव नदीत सोडले, पण हे वाक्य कुणी सोडलं नव्हतं. चूक माझी आहे, असा त्याचा अर्थ होतच नाही. त्याचा अर्थ एवढाच, की आता मी बोलू का? आमच्याकडचं शेंबडं पोरही हे सांगेल.

चौकशी पत्र्याच्या खोलीत होती. दाराला वाळ्याची ताटी, तिच्यावर एक मजूरीण पाणी मारत होती. मध्ये चौकशीचे अधिकारी, त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून तोच इंजिनियर साहेब. ज्याच्याविरुद्ध सांगायचं तोच मांडीवर मांडी टाकून पुढ्यात बसलेला. माझी नोकरी अजून कच्ची होती आणि ती पक्की करायच्या कागदावर शेरा मारणारा माणूसही तोच. हे मला त्या खोलीत शिरल्यावर आठवलं, आणि आठवल्यावर ते डोक्यातून जाईना.

भाऊजी कुबड्या टेकत आले. धुतलेला सदरा, केसांना तेल, दाढी केलेली. मला पाहून त्यांच्या तोंडावर हसू आलं. मी कागदात पाहिलं. अधिकाऱ्यांनी बोला म्हणून खूण केली. भाऊजींनी कुबड्या काखेत घट्ट धरून हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, माहीच काई चुकी झाली असन. माफी असावी." आणि ते थांबले. "नाई रे, बोल तू," असं कुणीतरी म्हणेल म्हणून थांबले. कुणीच काही म्हणालं नाही. अधिकारी माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, "ही सेज, आय मस्ट हॅव मेड अ मिस्टेक."

काय सांगू, वाक्य तोंडातून लोण्यासारखं निघालं. एक अडखळ नाही. हॅव जिथं हवं तिथं, मेड जिथं हवं तिथं. मला आतून आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला.

अधिकाऱ्यांनी पेन्सिल थांबवली. माणूस मूर्ख नव्हता तो. तो भाऊजींच्या जोडलेल्या हातांकडे पाहत राहिला आणि मग मला इंग्रजीत म्हणाला, ही त्याची बोलायची पद्धत आहे, की त्याला खरंच तसं म्हणायचं आहे? असा सरळ, माणुसकीचा प्रश्न मला पुढच्या सगळ्या नोकरीत कुणी विचारला नाही. मी तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, आमच्यात असंच सुरू करतात. इंजिनियर साहेब माझ्याकडे पाहत होता. रागानं नव्हे, सहज, पंख्याकडे पाहावं तसा.

मी म्हणालो, "ही मीन्स इट, सर."

का म्हणालो? याचं उत्तर मी आयुष्यभर बदलत आलो. कधी मी स्वतःला सांगितलं, की भाऊजींनी आधीच कबूल केलं तर अधिकारी मऊ पडतील असं मला वाटलं होतं. कधी सांगितलं, की मी घाबरलो. घाबरलो तर होतोच. पण त्या दोन्हींच्या तळाशी एक फार क्षुद्र गोष्ट आहे. ते वाक्य इतकं चांगलं जमलं होतं, की ते मला खोडायचं नव्हतं. ही आमची रीत आहे, असं सांगायचं म्हणजे ती रीत माझीही आहे हे कबूल करायचं. मी आणि तो हात जोडून उभा असलेला माणूस एकाच ओट्याखालचे, हे त्या दोन साहेबांपुढे मला कळू द्यायचं नव्हतं.

पुढे भाऊजी चांगले बोलले. वारं सांगितलं, मुकादमाची खूण सांगितली, "साहेबानं हात केला, चढ म्हनलं" हे दोनदा ठासून सांगितलं, आणि सांगताना इंजिनियर साहेबाकडे सरळ बोट केलं. एवढी हिंमत त्यांनी आणली कुठून, देव जाणे. मी सगळं लिहिलं. एक शब्द गाळला नाही, असं पुढे मी माझं समाधान करून घ्यायचो. लिहिलं काय? साहेब माइट हॅव सिग्नल्ड. मुकादम माइट हॅव ऑब्जेक्टेड. भाऊजींनी डोळ्यांनी पाहिलेल्या, कानांनी ऐकलेल्या गोष्टी मी असतील-नसतीलच्या पदरात टाकल्या. खात्री तेवढी त्यांच्या चुकीला दिली. बडेबाबूंनी शिकवलेलं सगळं त्या एका पानात उतरलं होतं.

कागद टाइप करून पुढे ठेवला. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दीक्षेनंतर आमच्या वस्तीत प्रौढांची शाळा निघाली होती, तिथं ते सही शिकले होते. अंगठा न लावता त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली आणि मान वर करून अधिकाऱ्यांकडे पाहिलं.

ज्या दहा माणसांनी पाहिलं होतं, त्यांना कुणी बोलावलं नाही. कबुली मिळाल्यावर साक्षीदार कशाला लागतात?

त्या संध्याकाळी बडेबाबूंनी जबाबाची प्रत वाचली. लाल पेन्सिल हातात होती, ती कागदाला लागली नाही. "निर्दोष," ते म्हणाले. "एक चूक नाही." मग चष्मा काढून पुसत बसले. शेवटी म्हणाले, "तुझी नोकरी पक्की होईल आता." त्यांना सगळं समजलं होतं. त्यांच्यावर राग धरता आला असता तर मला फार बरं वाटलं असतं, आणि काही वर्षं मी तो धरलाही. पण वाक्य माझं होतं.

निकालाचं पत्रही मीच टाइप केलं. अपघात कुड हॅव बीन अव्हॉइडेड, आणि खलाशानं शुड हॅव एक्सरसाइज्ड ग्रेटर केअर. साफ भाषा. पंधरा दिवसांत झोपडी रिकामी करायची होती. भाऊजींना सांगायला मीच गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, मग काठीनं जमिनीवर रेघा ओढत बसले.

"तू तं केलं ना आपल्याकडून?" त्यांनी विचारलं.

"हो भाऊजी," मी म्हणालो.

"मंग झालं. साहेबाच्या मनात नसन, तं तू काय करशीन?"

दुर्गहून पॅसेंजर होती. एक पेटी, दोन वळकट्या, पोरी, कुबड्या. भाऊजींना डब्यात चढवताना मी त्यांना कमरेला धरून उचललं, आणि इतका उंच चढणारा माणूस किती हलका आहे हे मला तेव्हा कळलं. बाईनं खिडकीतून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "वेळेवर जेवत जाय," म्हणाली. पुढच्या महिन्यात माझी नोकरी पक्की झाली.

मग मी वर चढत गेलो. ठेकेदार गेला, मी कारखान्याच्या ऑफिसात लागलो. टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं, नळ घरात, अंगणात पेरूचं झाड. घरी पैसे पाठवायचो, गावी मात्र जायचो नाही. सुट्टी मिळत नाही असं लिहायचो. सुट्टी मिळत होती.

चौदा-पंधरा वर्षांनी थोरल्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र गेलो. मामाशिवाय साखरपुडा कसा होणार? भाऊजी बिड्या वळायचे. दिवसभर ओट्यावर बसून, पायाच्या जागी पोत्याची घडी करून. बाई दुसऱ्यांच्या बांधीत, भाताच्या रोवण्याला जायची. दोघंही वाळून गेली होती. मला पाहून भाऊजींनी सूप बाजूला सारलं आणि पोरासारखे हसले. मी त्यांच्या पाया पडलो, तर मला मध्येच धरलं. म्हणाले, "तू साहेब मानूस. असं नको करू बा."

मुलाकडची पाच-सात माणसं आली होती. जेवणं झाली, सुपारी फिरली. मुलाचे काका बोलता बोलता म्हणाले, "व्याहीबुवाचा पाय कसा काय गेला? आमी तं आयकलं, का दारू पिऊन चढले होते." अशा गोष्टी गावात कुणी पसरवतं आणि कुणी पुसत नाही. भाऊजी दारूला शिवायचे नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. क्षणभरानं त्यांनी धाकटीला हाक मारली आणि पेटीतून कागद आणायला सांगितला.

मेणकापडात गुंडाळलेली ती जबाबाची कार्बन प्रत होती. निघताना त्यांनी बडेबाबूंकडून मागून घेतली होती म्हणे. मला माहीत नव्हतं. घड्यांवर विरलेली, पण अक्षरं स्वच्छ, आणि खाली त्यांची सही.

"हा माहा जबाब," भाऊजी पाहुण्यांना म्हणाले. "साहेबापुढचा. सगळं हाये यात, खरं खोटं. माह्या साळ्यानं सोता लिहला, इंग्रजीत." मग माझ्याकडे वळून, "बाबू, वाच. आधी इंग्रजीत वाच, मंग आपल्या भाषेत सांग. आयकू दे इनाले."

सगळे सावरून बसले. मी कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचला. आय मस्ट हॅव मेड अ मिस्टेक. काकांनी कौतुकानं मान डोलवली. भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते, एकेक शब्द ते ऐकत होते, जणू त्यांना कळत होता. मी शेवटपर्यंत वाचलं. मग मराठीत सांगायची वेळ आली.

मी म्हणालो, "यात लिहलं हाये, का भाऊजीची काईच चुकी नव्हती. वारं सुटलं होतं. मुकादम नाई म्हने. भाऊजी नाई म्हने. तरी साहेबानं हात करून चढाले लावलं."

सही करण्याआधी त्या कागदावर जे असायला हवं होतं, ते मी तेव्हा सांगितलं, कागदावर बोट ठेवून, ओळीमागून ओळ. माझा आवाज कुठं हलला नाही. काका म्हणाले, "असं हाये काय! मंग तं लय अन्याव झाला तुमच्यावर." भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, सगळ्यांना खालची सही दाखवली आणि पुन्हा मेणकापडात गुंडाळला.

बाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पाहुणे बाहेर बैलगाडीकडे गेले, भाऊजी त्यांना पोचवायला कुबड्या घेऊन उठले, तेव्हा ती माझ्यासमोर येऊन बसली.

"एवढं साफ लिहलं होतं," ती म्हणाली, "तं मंग आमाले काढलं कावून?"

"साहेबानं नीट वाचलं नसन, बाई," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. इतकी वर्षं तिच्या मनात ते होतं, आणि सांगू शकणारा माणूस तिला आज समोर सापडला होता.

"पन तू तं तिथंच होता ना, भाऊ," ती म्हणाली. "तू सांगाले पायजे होतं त्याले."